उसाच्या फडातली मुले आणि गाळपाचा परवाना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या शिक्षकाला हजेरी घ्यायला फार वेळ लागत नाही. पटावर चौतीस नावे असलेल्या वर्गात बारा-तेरा मुले बसलेली असतात आणि उरलेल्या नावांपुढे एकाच शब्दाची नोंद करावी लागते: ‘स्थलांतरित’. बीड जिल्ह्याच्या या भागात मी काही वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे आणि तो शब्द शेकडो वेळा स्वतःच्या हाताने लिहिला आहे. सुरुवातीला तो लिहिताना हात अडखळत असे. पुढे अडखळेनासा झाला, आणि याचे मला आजही वाईट वाटते. हा शब्द वाचला की मूल आपणहून कुठेतरी निघून गेले असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते मूल ऊस तोडायला निघालेल्या आईबापांबरोबर, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने ठरवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडीकुंडी, धान्याची पोती, एखादी शेळी आणि धाकटी भावंडे यांच्यामध्ये बसून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नाहीतर थेट कर्नाटकात गेलेले असते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ते परत येणार नसते.

एकाच राज्यात, एकाच वयाच्या मुलांची बालपणे किती वेगवेगळी असू शकतात हे दाखवायला वीटभट्टी आहे, सिग्नल आहे, खडीची खाण आहे. मी ऊसतोडीविषयी लिहितो आहे, कारण इथे काहीही अचानक घडत नाही. दुष्काळ पडला, साथ आली, पूर आला आणि मुलांची शाळा बुडाली, असा हा प्रकार नाही. दर वर्षी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री समितीची बैठक होते, गाळप हंगाम कधी सुरू करायचा ते ठरते आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतची एखादी तारीख जाहीर होते. त्याच दिवशी मराठवाड्यातल्या आणि नगर, नाशिक, जळगावच्या कोरडवाहू तालुक्यांतल्या हजारो मुलांची शाळा सुटण्याची तारीखही जाहीर झालेली असते. शासनाला तारीख ठाऊक असते, गावे ठाऊक असतात, कारखाने ठाऊक असतात, मुकादमांचे करार कागदावर असतात. एवढे सगळे आधीपासून माहीत असताना मुलांचे जे होते, त्याला नशीब म्हणता येत नाही. ते एका व्यवस्थेचे काम आहे आणि म्हणून त्याची जबाबदारी कोणाची हे नेमके सांगता येते. या लेखात मला तेवढेच सांगायचे आहे.

ही व्यवस्था चालते कशी, ते आधी पाहू. मजुरीचे एकक इथे माणूस नाही, ‘कोयता’ आहे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यातच जोडीला उचल देतो. ही रक्कम पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत जाते आणि तिच्यातून आधीचे देणे, दवाखाना, लग्न, बी-बियाणे असे सगळे भागवले जाते. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. दोघे मिळून दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतात, साळतात, मोळ्या बांधतात आणि डोक्यावरून नेऊन गाडी भरतात. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून भरावी लागते. एखादा दिवस काम चुकले तर तो खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे अंगावर बसतात. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावे लागते. जोडीतली बाई गरोदर असली, बाळंतीण असली, तिचे मूल तापाने फणफणलेले असले तरी तिला फडात उतरावेच लागते, कारण ती थांबली की अर्धा कोयता थांबतो. खाडा पडू नये म्हणून तरण्या बायका गर्भाशय काढून घेत आहेत ही गोष्ट २०१९ साली बीडमधून बाहेर आली, तेव्हा राज्य हादरले होते. ज्या व्यवस्थेत आईच्या शरीराला एक दिवसाची सवड नाही, तिथे तिच्या लेकराला कुठून मिळणार?

सांगली जिल्ह्यातल्या एका फडावर मी माझ्या वर्गातल्या एका चौथीतल्या मुलीला भेटलो होतो. डिसेंबरचे दिवस होते. कालव्याच्या कडेला पाचट आणि ताडपत्रीच्या पंधरा-वीस कोप्या होत्या. सकाळचे नऊ वाजले होते आणि तिची आई पहाटे चारपासून फडात होती. पोरीच्या कमरेवर आठ-नऊ महिन्यांचा भाऊ होता. तिने एका हाताने त्याला धरले होते आणि दुसऱ्या हाताने ती चुलीवरच्या पातेल्याखाली पाचटाची मूठ सारत होती. मला पाहून ती हसली आणि पहिल्यांदा तिने विचारले, “सर, कितवा धडा चालूये?” मी सांगितले. मग मी तिला विचारले की इथून शाळा दिसते आहे, तिथे का जात नाहीस. खरोखरच रस्त्यापलीकडे अर्ध्या किलोमीटरवर शाळेची कौले दिसत होती. ती म्हणाली, “मग याला कोन घेईन?” दुपारी ती त्या बाळाला घेऊन फडात गेली. तिथे ट्रॉलीच्या खाली सावलीत साडीची झोळी बांधलेली होती. बाळ झोळीत निजले, तेव्हा ती आईने बांधलेल्या मोळ्यांपाशी गेली आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला लागली. वाढ्यांच्या पेंढ्या गावातल्या जनावरांसाठी विकल्या जातात आणि आठवड्याचे मीठ-मिरची त्यातून निघते. त्या दिवशी त्या मुलीने स्वयंपाक केला, बाळ सांभाळले, कालव्यावरून पाणी आणले आणि वाढे बांधले. यातले एकही काम कुठल्याही नोंदवहीत लिहिले गेले नाही.

ते लिहिले जात नाही याला कारण आहे. ऊसतोडीचा मोबदला टनावर मिळतो आणि टनाला नाव नसते. त्या दीड-दोन टनांत नवऱ्याचे किती, बायकोचे किती, बारा वर्षांच्या मुलाने ओढून आणलेले किती आणि नऊ वर्षांच्या मुलीने बाळ सांभाळल्यामुळे आईला मोकळे झालेले तास किती, हे वजनकाट्यावर दिसत नाही. कारखान्याला विचारले तर तो सांगेल की आमच्याकडे एकही बालमजूर नाही, आणि त्याच्या कागदांपुरते ते खरेही असेल. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर तिने सरसकट बंदी घातली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. फडातले मूल हे आईबापांच्या शेजारीच असते, म्हणून ते कुटुंबाला मदत करते आहे असे कोणालाही म्हणता येते. परंतु ऊसतोड हा त्या कुटुंबाचा धंदा नाही. ऊस शेतकऱ्याचा आहे, साखर कारखान्याची आहे, करार मुकादमाचा आहे. कुटुंबाची म्हणून तिथे जी गोष्ट आहे ती फक्त फेडायची राहिलेली उचल. ‘शाळेच्या वेळेनंतर’ ही अट तर ज्या मुलाची शाळा तीनशे किलोमीटर मागे राहिली आहे त्याला लागू कशी करायची, याचे उत्तर कायद्यात शोधूनही सापडत नाही.

तरीही कायदे अपुरे आहेत असे मी म्हणणार नाही. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले आहे. कलम ५ सांगते की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणजे सांगलीतल्या त्या कौलारू शाळेने त्या मुलीला दुसऱ्या दिवशी वर्गात बसवून घ्यावे, असे या देशाचा कायदा आजही म्हणतो. महाराष्ट्राने तर अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही काढले. मी स्वतः ती कार्डे भरून मुलांच्या हातात दिली आहेत. एप्रिलमध्ये ती तशीच, घडीही न मोडता परत आलेली पाहिली आहेत. कार्ड घेऊन शाळेत जायला मूल मोकळे असावे लागते, त्याला तिथे कोणीतरी नेऊन बसवावे लागते, कोणीतरी बाळ घ्यावे लागते. हक्क मुलाला दिला गेला, पण तो हक्क वापरायला लागणारे पाच-सहा तास मुलाला कोणी दिले नाहीत.

याच मातीत ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली होती. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. महाराजांनी दंड पालकांवर ठेवला, कारण मूल गुरांमागे धाडायचे की शाळेत, हा निर्णय पालकाच्या हातात होता. आज त्याच कोल्हापूरच्या शिवारात बीडची मुले वाढे बांधतात. त्यांच्या पालकाच्या हातात तो निर्णय आहे का, हा प्रश्न आपण प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. दंड करायचाच तर तो आज कोणाला करावा? मूल ज्याच्या वेळापत्रकावर जगते त्याला. आणि ते वेळापत्रक आईबापांचे नाही.

‘आईबापच मुलांना घेऊन येतात, त्यांना शिक्षणाची किंमत नाही,’ हे वाक्य मी कारखान्याच्या शेतकी विभागात ऐकले आहे, तालुक्याच्या कचेरीत ऐकले आहे आणि माझ्याच सहकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. ते खरे नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो. ज्यांची म्हातारी धडधाकट असते ते मुलांना तिच्यापाशी ठेवून जातात. ज्यांना नातेवाइकांकडे सोय होते ते वर्षाचे धान्य देऊन मुलाला तिकडे ठेवतात. मुलगी वयात आली असेल तर तिला मागे ठेवायची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. उरतात ते ज्यांच्यामागे कोणीच नाही, आणि ज्यांच्या कडेवर अंगावर पिणारे मूल आहे. ते मूल सांभाळायला थोरली बहीण लागते. हे गणित अगदी साधे आहे आणि ते आईबापांनी मांडलेले नाही. पाळणाघर नसले की पाळणाघराचे काम करायला एक मुलगी लागते, आणि ती मुलगी चौथीत असते.

लहान मुलांचे तर याहून कठीण आहे. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडी ही या राज्यातल्या गरीब मुलाची पहिली हक्काची जागा आहे. ही अंगणवाडी गावाशी बांधलेली आहे. पोषण आहार, वजन, लसी, सगळी नोंद गावातल्या ताईकडे असते. कुटुंब नोव्हेंबरमध्ये निघाले की मूल त्या नोंदीतून बाहेर पडते, आणि ज्या गावच्या शिवारात कोपी पडली तिथल्या ताईच्या यादीत ते सहसा शिरत नाही. तोडलेल्या उसाचा फड पुढे सरकतो तसा मुक्कामही हलतो, म्हणून शिरले तरी टिकत नाही. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ज्या काळात शरीर आणि मेंदू घडतो, त्या काळातले दर वर्षीचे पाच-सहा महिने हे मूल धुळीत, ट्रॉलीच्या चाकांजवळ, कालव्याच्या काठावर, बिबट्याचा आणि सापाचा वावर असलेल्या उसात काढते. सहा वर्षांचे झाल्यावर आपण त्याला पहिलीत बसवतो आणि बाकीच्यांच्या बरोबरीने धाव म्हणतो.

आता कारखान्यांकडे येऊ. मी साखर कारखान्यांना शत्रू मानत नाही. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, प्रवरेकाठी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा सावकाराच्या पेचातून शेतकरी सुटावा हीच तळमळ त्यामागे होती. पुढे प्रवरानगर, वारणानगर आणि अशी कितीतरी गावे शाळा, महाविद्यालये, तंत्रनिकेतने, दवाखाने यांनी भरून गेली. ऊस उत्पादकाच्या बिलातून टनामागे थोडी रक्कम कापून शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या आणि अल्पभूधारकाचा मुलगा अभियंता, डॉक्टर झाला. हे मोठे काम आहे आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा असेच आहे. पण त्यातून एक गोष्ट सिद्धही होते. टनामागे काही रुपये बाजूला काढून मुलांची आयुष्ये बदलता येतात, हे या उद्योगाला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. ज्या टनातून ऊस पिकवणाऱ्याच्या मुलाचे महाविद्यालय उभे राहिले, त्याच टनातून तो ऊस तोडणाऱ्याच्या मुलीचे पाळणाघर उभे राहिले नाही.

यावर कारखान्यांचे उत्तर ठरलेले असते: तोडणी मजूर आमचे कामगार नाहीत, ते मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसे आणतो, राबतात ते कारखान्याला. मला हे उत्तर पटत नाही आणि न पटण्याची कारणे कारखान्यांच्याच हिशेबात आहेत. शेतकऱ्याला उसाचे पैसे देताना कारखाना तोडणी-वाहतुकीचा खर्च कापून घेतो. म्हणजे या मजुरांची मजुरी कारखान्याच्या खात्यातून जाते. मुकादमाला आणि वाहतूकदाराला आगाऊ रक्कम कारखाना देतो. कोणत्या दिवशी कोणता फड तोडायचा हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो आणि चिठ्ठी देतो. आणि मजुरीचे दर ठरवायची वेळ येते तेव्हा मजुरांच्या संघटनांसमोर कारखान्यांचा संघच बसतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली ती अशाच बैठकीत. दर ठरवताना जे आपले असतात, ते मुले सांभाळायच्या वेळी परके कसे होतात? कामावर तीसपेक्षा जास्त बायका असल्या की कारखान्याच्या आवारात पाळणाघर हवे, असे १९४८चा कारखाने अधिनियम सांगत असे. त्याच कारखान्यासाठी फडात शेकडो बायका राबतात आणि त्यांच्यासाठी एकही पाळणा नाही, कारण त्या कुंपणाच्या बाहेर आहेत.

या मुलांसाठी आजवर काहीच झाले नाही असे नाही, आणि जे झाले त्याच्याविषयी आदराने बोलले पाहिजे. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. त्यांतल्या काही फार जिव्हाळ्याने चालल्या आणि कोपीच्या दारात फळा घेऊन जाणारी माणसे मी पाहिली आहेत. शिक्षण हक्क कायदा आल्यावर तात्पुरत्या शाळांऐवजी मुलांना नियमित शाळेत आणावे असा विचार पुढे आला, तो तत्त्व म्हणून बरोबर होता. पण साखरशाळा बंद होत गेल्या आणि मूल नियमित शाळेत पोहोचले नाही. मग भर हंगामी वसतिगृहांवर आला. मुलाने गावातच राहावे, आजी-आजोबांकडे झोपावे आणि दोन्ही वेळचे जेवण शाळेत मिळावे अशी ती सोय. जिथे गावातले शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समिती मनापासून उभी राहिली तिथे या सोयीने शेकडो मुले वाचवली. जिथे मंजुरी डिसेंबरमध्ये आली तिथे मुले नोव्हेंबरमध्येच निघून गेलेली होती. २०२१ साली राज्याने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांचे आणि मुलींचे वेगळे अशी ८२ शासकीय वसतिगृहे काढायचे ठरवले, प्रत्येकी शंभर मुलांसाठी. हा निर्णय चांगला आहे आणि तो पूर्ण ताकदीने अमलात यावा. परंतु ८२ वसतिगृहे पूर्ण भरली तरी ८,२०० मुलांची सोय होते, आणि एकट्या बीड जिल्ह्यातून निघणारी कुटुंबे लाखांच्या हिशेबात आहेत.

शिवाय वसतिगृह हे सगळ्या वयांचे उत्तर नाही, हे शिक्षक म्हणून मला ठामपणे म्हणावेसे वाटते. अकरा-बारा वर्षांचे मूल वसतिगृहात रमते, शिकते, कित्येकदा फुलते. सहा-सात वर्षांच्या मुलाला पाच महिने आईपासून तोडणे ही त्याच्या रक्षणाची रीत होऊ शकत नाही. आणि अंगावरच्या मुलाबद्दल तर असा विचारही कोणी करणार नाही. म्हणून गावाकडे वसतिगृह आणि फडाकडे पाळणाघर, अंगणवाडी व जवळच्या शाळेपर्यंत ने-आण, अशी दोन्ही टोके एकाच वेळी बांधावी लागतील. एकच टोक बांधले की दुसरे सुटते, हे आपण वीस वर्षे पाहत आलो आहोत. पाळणाघर नसेल तर थोरली बहीण वसतिगृहातून परत बोलावली जाते. माझ्या वर्गातल्या दोन मुली अशाच गेल्या. दोघींच्याही आया बाळंत झाल्या होत्या.

मुली चौदा वर्षांच्या झाल्या की शिक्षण हक्काचा कायदा संपतो आणि दुसरेच संकट सुरू होते. कोयता म्हणजे जोडी, म्हणजे एकट्या मुलाला उचल अर्धी. लग्न झाले की पूर्ण. आईबाप फडात आणि वयात आलेली मुलगी गावात, हा घोर निराळाच. आठवीनंतर शाळा दूर, एसटी वेळेवर नाही. ही सगळी कारणे एकत्र येऊन लग्न ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे होते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा आहे आणि त्याखाली गावाचा ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी आहे. पण गाव रिकामे असताना आणि दोन्ही घरे वेगवेगळ्या फडांवर असताना त्याने कोणाला अडवायचे? ज्या मुलीचे लग्न पंधराव्या वर्षी होते ती सोळाव्या वर्षी नव्या कोयत्याची अर्धी बाजू होते आणि सतराव्या वर्षी तिच्या कडेवर मूल असते. त्या मुलाला सांभाळायला पुन्हा कोणीतरी लागते.

‘हार्वेस्टर येतील आणि हा प्रश्न आपोआप मिटेल,’ असे आता म्हटले जाते. यंत्रे वाढत आहेत हे खरे, पण लहान, तुकड्यातुकड्यांच्या आणि ओल धरलेल्या शेतांत ती सगळीकडे चालत नाहीत. आणि यंत्र आले तर बालाघाटच्या माणसाचे हंगामाचे उत्पन्न जाईल, त्याची सोय काय हा वेगळा आणि तितकाच गंभीर प्रश्न उभा राहील. आज जी मुलगी नऊ वर्षांची आहे तिला यंत्राची वाट पाहायला सांगता येत नाही.

पैशांचे म्हणाल तर तेही आहेत. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरलेले आहे. बऱ्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या वर ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचे शंभर कोटी आणि शासनाचे शंभर कोटी, दर वर्षी. या रकमेतला पहिला घास मुलांचा असावा, अशी माझी मागणी आहे. मजुरांचा विमा, घरे, ओळखपत्रे हे सगळे हवेच. पण घर पुढच्या वर्षी बांधता येते आणि नववे वर्ष पुढच्या वर्षी परत येत नाही.

आणि जबाबदारी ठरवायची तर ती ठरवण्याचे साधनही हाताशी आहे. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून परवाना मिळाल्याशिवाय कारखान्याला गाळप करता येत नाही. ऊस गाळपाला गेल्यावर शेतकऱ्याला चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, आणि ती थकबाकी राहिली तर परवाना अडवला जातो, महसुली वसुलीचे आदेश निघतात. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढून ही शिस्त मिळवली आणि ती मिळवली म्हणून आज त्यांच्या घामाचे पैसे सुरक्षित आहेत. हीच शिस्त मुलांसाठी लावता येईल. त्यासाठी नवा कायदा, नवा आयोग, नवी समिती यांची वाट पाहण्याचे कारण नाही. मजूर निघण्याआधी गावचा ग्रामसेवक, अंगणवाडी ताई आणि मुख्याध्यापक यांनी मिळून मुलांची वयानुसार यादी करावी. ती यादी ज्या कारखान्याकडे टोळी निघाली आहे त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, टोळी पोहोचण्याआधी पोहोचावी. कारखान्याने आपल्या तळांची जागा आणि टोळ्यांची नोंद त्यांना द्यावी, तळावर पाळणाघर चालवावे, त्यासाठी टोळीतल्याच एखाद्या बाईला तिच्या कोयत्याच्या मजुरीइतका पगार देऊन नेमावे, आणि शाळेला जाण्या-येण्यासाठी गाडी द्यावी. रोज शेकडो गाड्या ऊस ओढून आणणाऱ्या उद्योगाला मुलांसाठी एक गाडी जड नाही.

येत्या हंगामाचे अर्ज साखर आयुक्तालयाच्या साखर संकुलात जातील तेव्हा उसाचे क्षेत्र, गाळपाची क्षमता, थकबाकीचा तपशील या कागदांना एक पान जास्त जोडलेले असावे. त्या पानावर कारखान्यासाठी ऊस तोडायला येणाऱ्या प्रत्येक टोळीतल्या मुलांची संख्या, त्यांची वये, त्यांचे पाळणाघर आणि त्यांची शाळा लिहिलेली असावी. आणि ते पान कोरे असेल तर परवान्यावर सही होऊ नये.